शिल्लक पैसा कोठें ठेवावा?

ऊंस कारखान्याला जाऊन त्याचें बिल हातीं आलें, कांद्याला एखाद्या वर्षीं बरा भाव मिळाला, किंवा रस्त्याकरितां अथवा धरणाकरितां गेलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर जमा झाला, म्हणजे शेतकऱ्याच्या दारीं दोन प्रकारचे लोक येऊं लागतात. एक उसने मागणारे आणि दुसरे ठेव मागणारे. पहिल्यांना काय उत्तर द्यावें हें आपणांस वाडवडिलांनीं शिकविलें आहे. दुसऱ्यांना काय उत्तर द्यावें याचें शिक्षण मात्र आपल्यापैकीं फारच थोड्यांना मिळालेलें आहे. एका ठिकाणीं सात टक्के, दुसऱ्या ठिकाणीं साडेआठ, आणि तालुक्याच्या गांवीं नुकत्याच निघालेल्या एखाद्या संस्थेंत बारा, असे आकडे कानांवर पडतात, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे पाय वळतात. चार पैसे अधिक मिळावे असें वाटणें यांत गैर कांहींच नाहीं. परंतु व्याजाचा दर हा विचारावयाचा पहिला प्रश्न नसून तिसरा आहे. पहिले दोन प्रश्न कोणते व त्यांचीं उत्तरें कशीं शोधावीं, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

ठेवीदार हाच सावकार

आपण बँकेंत पैसे 'ठेवतों' असें म्हणतों, त्यामुळें कणगींत धान्य ठेवावें तसे ते तेथें जसेच्या तसे पडून आहेत असा समज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. ठेव ठेवणें म्हणजे कर्ज देणें होय. आपण संस्थेस कर्ज देतों, संस्था तेंच पुढें दुसऱ्यास अधिक दरानें देते, आणि दोहोंतील अंतरांतून आपला खर्च चालविते. म्हणजे ठेवीच्या व्यवहारांत सावकार आपण आहों व ऋणको ती संस्था आहे.

शेतकऱ्याला सावकार ठाऊक नाहीं असें नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचे रोखे जाळले, आणि ती वणवण दख्खनच्या गांवोगांवीं पसरली. त्या सावकारीचे दोष कोणीही झांकूं नयेत. तथापि त्या सावकाराची एक संवय शिकण्यासारखी होती. कर्ज देण्यापूर्वीं तो ऋणकोची जमीन पाही, विहिरीचें पाणी पाही, गोठ्यांतील बैल मोजी, आणि आधींचीं देणीं किती आहेत याची चौकशी करी. ज्याची ऐपत पक्की त्याला तो थोड्या दरानें देई. ज्याच्या फेडीविषयीं शंका त्याच्याकडून जबर व्याज घेई. आज आपण स्वतः सावकार झालों असतां या सर्व चौकशीला फांटा देतों, आणि ऋणको जास्त व्याज देऊं म्हणतो एवढ्यावरच खूष होतों. जुन्या सावकारानें मात्र तेंच ऐकून कान टवकारले असते. ज्याला इतरत्र स्वस्त पैसा मिळतो तो महाग पैसा कां घेईल, हा प्रश्न त्याला पडल्याशिवाय राहिला नसता.

हिशेब करून पहावें. एक लक्ष रुपये सात टक्क्यांनीं ठेवले तर वर्षाला सात हजार मिळतात. दहा टक्क्यांनीं ठेवले तर दहा हजार. फरक तीन हजारांचा. आतां दहा टक्के देणारी संस्था बुडाली व मुद्दल गेलें, तर तें एक लक्ष तीन तीन हजारांच्या जादा व्याजानें भरून निघण्यास तेहतीस वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून जादा व्याज हा जादा धोक्याचा मोबदला आहे, आणि तो मोबदला त्या धोक्याच्या मानानें पुरेसा आहे कीं नाहीं हें पाहणें सावकाराचें, म्हणजे आपलें, काम आहे.

आधीं देणें, मग ठेव

ठेवीचा दर शोधावयास निघण्यापूर्वीं आपल्या अंगावर कोणतें कर्ज आहे तें पहावें. खाजगी रीतीनें घेतलेल्या पन्नास हजारांवर महिना दोन टक्के व्याज असेल, तर वर्षाचे बारा हजार जातात. तेच पन्नास हजार सात टक्क्यांच्या मुदतठेवींत ठेविले तर साडेतीन हजार येतात. एका हातानें साडेतीन घेऊन दुसऱ्या हातानें बारा देणें याला कोणी बचत म्हणणार नाहीं. तरीही 'ठेव मोडूं नये' या समजुतीनें असा व्यवहार पुष्कळ घरीं चालतो. महागडें कर्ज फेडणें यासारखी खात्रीची व भरपूर व्याजाची ठेव दुसरी नाहीं; तीवर जें व्याज वाचतें तें कोणतीही बँक देऊं शकणार नाहीं.

दुकानांतील उधारीचेंही तसेंच. रोखीनें दहा हजारांस मिळणारें खत व औषध उधारीनें घेऊन सहा महिन्यांनीं अकरा हजार द्यावे लागत असतील, तर तें वर्षाला वीस टक्के व्याज झालें. हें व्याज वहीवर लिहिलेलें नसतें म्हणून तें दिसत नाहीं, इतकेंच. ज्याच्या बचत खात्यावर जून महिन्यांत दहा हजार तयार असतात, त्याला त्या खात्यावर बँक अल्प व्याज देत असली तरी वस्तुतः तो वीस टक्के कमावीत असतो.

पीककर्जाची गोष्ट थोडी निराळी आहे. २००६-०७ पासून केंद्र सरकारच्या व्याज सवलतीमुळें तीन लक्षांपर्यंतचें अल्पमुदत पीककर्ज सात टक्क्यांनीं मिळूं लागलें. पुढें मुदतींत फेड करणाऱ्यास आणखी तीन टक्क्यांची सूट मिळाली. आणि महाराष्ट्रांत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाच्या राज्य योजनेनें २०२१ सालीं तीन लक्षांपर्यंत वेळेवर फेडणाऱ्यावर व्याजाचा भारच राहूं नये असें ठरविलें. यावरून दोन गोष्टी निघतात. असें कर्ज मुदतीपूर्वीं फार आधीं फेडण्याची घाई करून ठेव मोडण्यांत लाभ नाहीं. परंतु मुदतीची तारीख चुकविणें हा मात्र शुद्ध तोटा आहे. कारण तारीख चुकली कीं सवलत जाते, पूर्ण व्याज अंगावर येतें, आणि पुढील हंगामीं नवें कर्ज मिळण्यास अडचण पडते. ठेवीच्या व्याजांत अर्धा टक्का अधिक मिळविण्याच्या खटपटीपेक्षां फेडीची तारीख घराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवणें अधिक फायद्याचें आहे.

पहिला प्रश्न : पैसा केव्हां लागेल?

कोणताही शहाणा शेतकरी सर्व धान्य एकाच ठिकाणीं ठेवीत नाहीं. बियाणें वेगळें काढून राख लावून जपतो. खाण्याचें कणगींत हाताशीं ठेवतो. विकावयाचें भाव येईपर्यंत वेगळें राखतो. बियाण्याला भाव किती आला हें तो विचारीत नाहीं, कारण तें विकावयाचें नसतें. पैशाचेही असेच वाटे पाडावे.

पहिला वाटा अडीअडचणीचा व पेरणीचा. आजारपण, बैलाचें अगर मोटारीचें अकस्मात् खर्चाचें काम, दुबार पेरणीची आपत्ति, यांसाठीं लागणारा पैसा मागतांच मिळाला पाहिजे. तो बचत खात्यावरच असावा. तेथें व्याज कमी असतें, परंतु या वाट्याचें काम व्याज मिळविणें हें नसून सावकाराच्या दारीं जाण्याचा प्रसंग टाळणें हें आहे.

दुसरा वाटा ठरलेल्या कामांचा. मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण, विहीर, ठिबक, घर यांची साधारण तारीख आपणांस ठाऊक असते. हा पैसा मुदतठेवींत ठेवावा, आणि मुदत अशी बेतावी कीं ती कामाच्या आधीं एक महिना संपेल. शेतीच्या कामासाठीं असलेली ठेव मृग निघण्यापूर्वीं, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, हातीं यावी; रब्बीची सप्टेंबरांत यावी. पाव टक्का अधिक मिळतो म्हणून पैसा तीन वर्षें अडकवावा, आणि चौदाव्या महिन्यांत ती ठेव मोडावी लागावी, यासारखें नुकसान नाहीं. मुदतीपूर्वीं ठेव मोडल्यास बँक ठरलेला दर देत नाहीं. जितका काळ ठेव राहिली तितक्या काळाचा कमी दर लावते, व त्यांतूनही बहुधा कांहीं अंश दंड म्हणून कापते. मुदत संपावयास दोन तीनच महिने उरले असतील तर मोडण्यापेक्षां त्याच ठेवीवर थोडें कर्ज काढणें पुष्कळदां स्वस्त पडतें.

तिसरा वाटा म्हातारपणाचा व पुढील पिढीचा. याला आठ दहा वर्षें हात लावावयाचा नसतो. म्हणून याच वाट्यासाठीं दराचा बारकाईनें विचार करावा.

उदाहरणार्थ, सर्व देणीं भागवून एखाद्यापाशीं सहा लक्ष रुपये उरले. त्यानें एक लक्ष बचत खात्यावर ठेवावे. दोन लक्षांची एकच पावती न करितां पन्नास पन्नास हजारांच्या चार पावत्या कराव्या, आणि त्यांच्या मुदती वेगवेगळ्या हंगामांपूर्वीं संपतील अशा ठेवाव्या. म्हणजे अकस्मात् गरज पडली तरी एकच पावती मोडावी लागेल, बाकीच्या तीन शाबूत राहतील. उरलेले तीन लक्ष दीर्घ मुदतीनें ठेवावे. आंकडे प्रत्येकानें आपल्या घराप्रमाणें बदलावे. वाटे मात्र पाडावेच.

दुसरा प्रश्न : जामीन कोण?

पोस्टाची बचत बँक आपल्या देशांत १ एप्रिल १८८२ रोजीं सुरू झाली. पोस्टांतील बचत योजनांच्या पैशास केंद्र सरकार स्वतः जबाबदार असतें, आणि त्या जबाबदारीस रकमेची मर्यादा नाहीं. किसान विकास पत्र, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, मासिक प्राप्ति योजना व मुदतठेव या तेथील ठळक योजना होत. साठ वर्षें पूर्ण झालेल्यांसाठीं ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची कमाल मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून पंधरा लक्षांवरून तीस लक्ष करण्यांत आली, आणि दर त्याच तारखेपासून ८.२ टक्के ठरला. या योजनांच्या दरांचा सरकार दर तीन महिन्यांनीं विचार करितें. म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीं पोस्टांत चालूं असलेला दर विचारून घ्यावा.

बँकांच्या ठेवींना विम्याचें संरक्षण आहे. १९६० सालीं पालई सेंट्रल बँक व लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा अमलांत आला. आरंभीं विम्याची मर्यादा एका ठेवीदारास दीड हजार रुपये होती. १९९३ सालीं ती एक लक्ष, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पांच लक्ष झाली. हें संरक्षण सरकारी, खाजगी, नागरी सहकारी व जिल्हा मध्यवर्ती सहकारी अशा सर्व प्रकारच्या बँकांतील ठेवींना लागू आहे. मात्र तीन बाबी नीट ध्यानीं धराव्या. एक, पांच लक्षांत मुद्दल व व्याज दोन्ही आलीं. म्हणून पुरते पांच लक्ष ठेवणाऱ्याचें व्याज विम्याबाहेर राहतें. आठ टक्क्यांनीं दोन वर्षें ठेवावयाचें असल्यास सव्वाचार लक्ष ठेवले तर व्याजासह रक्कम मर्यादेच्या आंत राहते. दोन, एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील एकाच नांवाच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. शाखा बदलून संरक्षण वाढत नाहीं, बँक बदलल्यानें वाढतें. तीन, विमा म्हणजे पैसा त्याच दिवशीं हातीं पडणें नव्हे.

या तिसऱ्या बाबीचें प्रत्यंतर सप्टेंबर २०१९ मध्यें आलें. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक ही कागदोपत्रीं नफ्यांत दिसणारी मोठी सहकारी बँक होती. तिच्या कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे गुंतला असून तो लपविण्यांत आला होता असें उघडकीस आलें, आणि रिझर्व्ह बँकेनें आरंभीं प्रत्येक ठेवीदारास सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपयेच काढण्याची परवानगी दिली. ही मर्यादा पुढें टप्प्याटप्प्यानें वाढविली गेली. २५ जानेवारी २०२२ रोजीं ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली, आणि पांच लक्षांवरील रकमा असणाऱ्यांस उरलेला पैसा हप्त्यांनीं, कांहींना दहा वर्षांपर्यंत, मिळावा असें ठरलें. ज्यांचें लग्नकार्य किंवा औषधोपचार त्याच महिन्यांत होता त्यांना पावतीवर लिहिलेला दर काय उपयोगी पडला? कायद्यांत त्यानंतर सुधारणा झाली असून, १ सप्टेंबर २०२१ पासून, बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांच्या आंत ठेवीदारास मिळावी असें बंधन आहे. तरी नव्वद दिवस म्हणजे एक पेरणी हुकण्यास पुरेसा काळ होय. म्हणून अडीअडचणीचा पैसा दोन निरनिराळ्या बँकांत असावा.

पतसंस्था आणि गांवची विविध कार्यकारी सोसायटी यांच्या ठेवींना हा विमा नाहीं. संस्थेच्या पाटीवर 'सहकारी' व 'ठेवी स्वीकारल्या जातात' हीं अक्षरें दिसलीं म्हणजे ती बँक आहे असें पुष्कळ लोक समजतात. तो समज चुकीचा आहे. पतसंस्था वाईट असें येथें मुळींच म्हणावयाचें नाहीं. चांगल्या पतसंस्थांनीं गरजू माणसाला वेळेवर कर्ज देऊन सावकाराच्या हातून सोडविलें आहे, आणि सहकाराची चळवळ आपणच वाढविली आहे. परंतु जेथें विमा नाहीं तेथें आपली स्वतःची देखरेख हाच विमा होय. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमान्वयें सभासदास संस्थेचा शेवटचा तपासलेला ताळेबंद व नफातोटापत्रक पाहण्याचा हक्क आहे. तो हक्क बजावावा. थकबाकी एकूण कर्जाच्या किती आहे. मोठीं कर्जें थोड्याच लोकांकडे गुंतलीं आहेत काय. संचालकांच्या आप्तांना किती दिलें आहे. लेखापरीक्षणांत कोणता वर्ग मिळाला, हें वार्षिक सभेंत उभें राहून विचारावें. उत्तर देतांना कोणी रागावला तर तेंही एक उत्तरच समजावें. आणि एवढें करूनही, जी रक्कम अडकली तरी घर बसणार नाहीं तेवढीच तेथें ठेवावी.

उरल्या त्या अल्पावधींत दामदुप्पट करून देऊं म्हणणाऱ्या खाजगी मंडळ्या. अशा फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ सालीं ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा झाला, आणि अनियंत्रित ठेवयोजनांना बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ सालीं आला. परंतु कायदा हा घर जळाल्यावर येणारा बंब आहे. ठेव आणणारा माणूस आपला पाहुणा आहे, मुलाचा मास्तर आहे किंवा देवळांत भेटणारा सज्जन आहे, म्हणून संस्था सज्जन ठरत नाहीं. तोही बहुधा दलालीपुरताच तिच्याशीं बांधलेला असतो, आणि अनेकदां स्वतःच फसलेला असतो.

तिसरा प्रश्न : व्याज खरोखर किती?

येथवर दोन्ही प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळालीं, म्हणजे मग दर पहावा. तोही नुसत्या आंकड्यावरून नव्हे. एक लक्ष रुपये आठ टक्क्यांनीं पांच वर्षें ठेविले तर सरळ व्याजानें १,४०,००० रुपये होतात; दरसाल चक्रवाढीनें १,४६,९३३; आणि दर तीन महिन्यांच्या चक्रवाढीनें १,४८,५९५. म्हणून 'चक्रवाढ किती महिन्यांची?' हें अवश्य विचारावें. कांहीं जाहिरातींत शेवटच्या रकमेंतील ४८,५९५ रुपयांना पांचानीं भागून 'पावणेदहा टक्के लाभ' असें मोठ्या अक्षरांत छापतात. दर आठच टक्के असतो. फक्त मांडणी बदललेली असते.

दामदुप्पट किती वर्षांनीं होईल हें काढण्याची सोपी युक्ति अशी कीं ७२ ला दरानें भागावें. आठ टक्क्यांनीं नऊ वर्षें, नऊ टक्क्यांनीं आठ वर्षें. याच युक्तीनें दामदुप्पटीच्या वचनाची परीक्षा करावी : तीन वर्षांत दुप्पट म्हणजे सुमारें चोवीस टक्के. इतका नफा मिळवून देणारा धंदा कोणता, असें विचारावें.

आणखी एक विचार महागाईचा. किसान विकास पत्र १९८८ सालीं निघालें तेव्हां पैसे साडेपांच वर्षांत दुप्पट होत. म्हणजे दर तेरा टक्क्यांहून थोडा अधिक पडे. १ एप्रिल २०२३ पासून ठरलेल्या साडेसात टक्के दरानें तेच होण्यास ११५ महिने लागतात. जुने लोक हें सांगून हळहळतात. परंतु १९९१-९२ सालीं घाऊक भावांची वाढही तेरा टक्क्यांच्या घरांत होती. म्हणजे वाढलेल्या पैशांत वस्तु फारशा अधिक येत नव्हत्या. दराची तुलना नेहमीं त्या काळच्या महागाईशीं करावी. ज्या पैशाला दहा वर्षें हात लावावयाचा नाहीं तो बचत खात्यावर अल्प व्याजानें पडूं देणें हें याच कारणास्तव नुकसानीचें आहे. चोर न येतांही तो झिजत असतो.

शेवटीं प्राप्तिकर. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाहीं, म्हणून ठेवीच्या व्याजावरही तो नाहीं अशी समजूत आढळते. ती चूक आहे. व्याज हें शेतीचें उत्पन्न नव्हे. तें करपात्र उत्पन्नांत धरलें जातें, आणि ठराविक मर्यादेवर गेल्यास बँक त्यांतून कर कापून घेते. आपलें उत्पन्न कराच्या मर्यादेखालीं असल्यास तसें लेखी निवेदन वर्षाच्या आरंभींच बँकेस द्यावें.

पावती घेतांना

पैसे भरतेवेळीं पुढील गोष्टी तपासाव्या. पावती संस्थेच्या कार्यालयांतच, भरल्या दिवशींच घ्यावी. दलालाच्या वहींतील सही ही पावती नव्हे. दर, मुदत, मुदतीअखेरची रक्कम व चक्रवाढीची रीत पावतीवर लिहिलेली असावी. मुदत संपल्यावर ठेव आपोआप पुढें चालूं ठेवावयाची कीं खात्यावर जमा करावयाची हें लिहून द्यावें. नामनिर्देशन केल्यावांचून परत येऊं नये. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीस चार जणांपर्यंत नांवें देतां येतात. परंतु नामनिर्देशित माणूस हा वारसांच्या वतीनें पैसे घेणारा असतो, मालक नव्हे. म्हणून वांटणीचा प्रश्न असलेल्या घरीं मृत्युपत्रही करावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कोठें किती ठेव आहे हें घरच्या बाईला ठाऊक असावें. नवऱ्यामागें पावत्या पेटींत सांपडल्या, पण बँक कोणती व कोणाला भेटावयाचें हें न कळल्यानें वर्षानुवर्षें हेलपाटे घालणाऱ्या बायका प्रत्येक तालुक्यांत आहेत.

पूर्वीं आपल्याकडे धान्याचीं पेवें असत. पेव उघडलें कीं लगेच कोणी आंत उतरत नसे. तोंड मोकळें करून कोंडलेली हवा जाऊं देत, मगच माणूस खालीं जाई. घाई करणाऱ्याचे प्राण जात हें सर्वांना ठाऊक होतें. ठेवीचा मोठा दर कानीं पडला म्हणजे तितकाच धीर धरावा. पैसा केव्हां लागणार तें ठरवावें, जामीन कोण तें पहावें, आणि मग, व मगच, पाव टक्का कोठें अधिक मिळतो याची चौकशी करावी. वर्षभर उन्हातान्हांत राबून मिळविलेलें मुद्दल शाबूत राहिलें, तर त्याचें व्याज आज ना उद्यां मिळेलच.